कालचं विरजण

तुमच्या घरच्या दह्याचं विरजण मुळात कुठून आलं, असं कधी आईला विचारलंय का? विचारून बघा. तोवर मी एका गवळ्यांच्या गावाची गोष्ट सांगते.

त्या गावात घरोघरी गाई-म्हशी होत्या आणि एक छोटी शाळा होती. शाळेचे गुरुजी म्हातारे झाले आणि आपल्या गावी निघून गेले. शाळेच्या दाराला कुलूप लागलं. मुलं दिवसभर गोठ्यांतून हुंदडू लागली. शेवटी पाटलाने चावडीवर सगळ्यांना बोलावलं आणि विचारलं, "मुलांना कोण शिकवेल?"

एक बाई उठून उभी राहिली. लहानपणी नदीपलीकडच्या शाळेत जाऊन ती शेवटच्या इयत्तेपर्यंत शिकली होती. मग लग्न झालं, संसार झाला, केस पिकू लागले.

"मी शिकवीन," ती म्हणाली.

पाटील हसला. "बाई, तुझ्या शिक्षणाला तीस वर्षं होऊन गेली. शिळं झालं ते."

"आंबलं असेल एव्हाना!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी चावडी खो खो हसली.

पाटलाने शहरातून आणलेलं नवं पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते चाळलं आणि खरं तेच सांगितलं, "यातलं अर्धं मला येतं. अर्धं शिकावं लागेल."

"मग झालं तर! माझ्या घरात कालचं काही चालत नाही. रोज संध्याकाळी सगळी भांडी राखेने घासून लख्ख! शाळेतही तसंच हवं. पुस्तक ठेव आणि घरी जा."

बाईने पुस्तक ठेवलं नाही. ते घेऊनच ती घरी गेली.

पाटील भांड्यांचं खोटं बोलत नव्हता. त्याच्या घरी दह्याचं भांडंसुद्धा रोज घासून पालथं पडायचं. चमचाभर दही मागे ठेवायची सोय नव्हती. आणि पाटलाला तर दह्याशिवाय घास उतरत नसे! मग पाटलीणबाई काय करायच्या? रोज दिवेलागणीला पदराआड वाटी धरून याच बाईच्या दारात यायच्या, विरजण मागायला.

त्या दिवशीही आल्या. शेजारणी म्हणाल्या, "देऊ नकोस गं! गिळू दे पाटलाला कोरडा भात."

"विरजणाला नाही म्हणायची आपली रीत नाही," बाई म्हणाली. "पण आज वाटी मी नेणार."

"अगं, ह्यांना ठाऊक नाही!" पाटलीणबाई घाबरल्या.

"आज होईल."

पाटील चार माणसांत ओट्यावर बसला होता. बाईने वाटी त्याच्यापुढे ठेवली. "पाटील, तुमच्या उद्याच्या दह्याचं विरजण. मला सासरी येताना आईने दिलं, तिला तिच्या आईने. बरंच जुनं आहे. टाकून देऊ?"

पाटलाने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मग वर केली आणि म्हणाली, "रोज तेच खाता तुम्ही. मागून मागून."

ओट्यावर हशा पिकला. पाटील चिडला. "दह्याचं वेगळं, विद्येचं वेगळं!"

"वेगळं कसं?" बाई म्हणाली. "हे विरजण तीस वर्षं फडताळात ठेवलं असतं, तर किडे पडले असते. मी ते रोज ताज्या दुधात घातलं. शिकलेलंही तसंच वापरलं. माझी मुलं शिकवली, शेजारच्या मुली शिकवल्या, वैद्याच्या पुड्यांवरचं वाचून अर्ध्या गावाला औषधं दिली. तुमचं पुस्तक ताजं दूध आहे, मला ते हवंच आहे. पण नुसतं ताजं दूध तसंच ठेवलं तर सकाळी त्याचं काय होतं, हे गवळ्याला मी सांगायचं?"

पाटलाने समोरच्या वाटीकडे पाहिलं.

"उद्या सकाळी मी शिकवायला जाणार," बाई म्हणाली. "किल्ली द्या, नाहीतर शाळेच्या पायरीवर बसून शिकवीन."

"आणि कुणी पोरं पाठवलीच नाहीत तर?"

"तर वाचत बसेन. तुमचंच नवं पुस्तक."

पाटलीणबाईंनी वाटी उचलली आणि आत नेली. या वेळी पदराआड धरली नाही.

तात्पर्य विचाराल, तर एवढंच: शिकलेलं जुनं झालं म्हणून शिळं होत नाही, वापरायचं थांबलं की होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटलाच्या घरी दही घट्ट लागलं होतं, आणि शाळेचं कुलूप उघडलेलं होतं.