अर्ध्यावर सोडलेलं भजन

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात ख्रिस्ती लोकांची लहानशी मंडळी होती आणि त्या मंडळीत तबिथा नावाची एक बाई होती. तिचा आवाज असा, की तिने भजन धरलं की वाटेने जाणारा माणूसही डोक्यावरचा भारा खाली ठेवून ऐकत उभा राही.

तबिथा नुसती गात नसे. ती मुलांना वचनं शिकवी, बायकांच्या सभा घेई, आसपासच्या वस्त्यांवर भजनाला जाई. सगळे म्हणत, "प्रभूच्या मळ्यात अशी कष्टाळू बाई दुसरी नाही." तबिथालाही तसंच वाटे.

तिची धाकटी जाऊ दीना मात्र चर्चमध्ये येत नसे. पूर्वी येई, अगदी पुढे बसे. पण एके वर्षी तिचं तान्हं बाळ तापाने फणफणलं. घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून तिने तबिथाला बोलावणं पाठवलं. तबिथा नेमकी शेजारच्या गावी भजनाला निघाली होती. "भजन आटोपलं की येते," असा तिने निरोप दिला. ती आली, तेव्हा दीनाची मांडी रिकामी झाली होती.

तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं तुटलं. "मी काय जत्रेला गेले होते? देवाच्याच कामाला गेले होते ना!" असं म्हणून तबिथा मनाची समजूत घाली. पण आतून ती कोरडी पडत चालली. वचन म्हणताना एखादं मूल अडखळलं, की त्याच्यावर खेकसे. गाणं तेवढंच गोड राहिलं, पण गाणारीचा जीव त्यात नसे.

शेवटी ती म्हाताऱ्या पाळकांकडे गेली. म्हणाली, "बाबा, मी प्रभूसाठी एवढं करते, मग मला आनंद का नाही?"

पाळक म्हणाले, "मुली, प्रभूसाठी तू पुष्कळ धावतेस. कधी नुसती त्याच्याजवळ बसतेस का? बसलीस, तर आधी कुणाचा चेहरा डोळ्यांपुढे येतो?"

तबिथा तशीच उठली. तिला दीनाचा चेहरा दिसला होता. पण त्या दाराशी जायचा धीर काही तिला झाला नाही. दीनाला पुन्हा दिवस गेले आहेत, हेही तिला दुसऱ्यांकडूनच कळलं.

कापणीचा सण आला. आसपासच्या मंडळ्या जमल्या. वेदीपुढे जोंधळ्याची कणसं, भोपळे, शेंगा यांची रास लागली. तबिथाने हातात टाळ घेतले आणि पहिलं भजन धरलं. भजन रंगात आलं, तोच दारात दीनाचा नवरा शिमोन दिसला. अनवाणी, घामाने निथळलेला. बायकांच्या कडेकडेने तो पुढे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, दीनाला कळा लागल्यात. सुईण आहे, पण दीना फार भ्यायलीय. 'हेही जाईल' एवढंच बोलतेय. तिने तुम्हाला बोलावलं नाही. मीच आलोय."

तबिथाने समोरच्या गर्दीकडे पाहिलं. "भजन आटोपलं की..." एवढे शब्द ओठांवर आले आणि तिथेच अडकले. तिने टाळ शेजारणीच्या हातात दिले.

"अगं, मधेच कुठे चाललीस? पाहुणे काय म्हणतील?" शेजारीण कुजबुजली.

"म्हणू देत. भावोजी, चला."

मागे गाणं थांबलं. मग कुणीतरी चाचरत ते पुन्हा उचललं. पण तबिथा तोवर बांधावरून पळत होती.

तिला पाहताच दीनाने तोंड भिंतीकडे वळवलं. "आता कशाला आलात? तुमचं भजन खोळंबलं असेल."

"दीना, त्या दिवशी मी यायला हवं होतं," तबिथा म्हणाली. "देवाचं काम तुझ्या घरात होतं आणि मी ते ओलांडून पुढे गेले. चुकले गं मी. फार चुकले."

दीना भिंतीकडेच तोंड करून राहिली. तबिथा तिच्या उशाशी बसली आणि तिची पाठ चोळू लागली. कितीतरी वेळ ती नुसती चोळत राहिली. पुढची कळ आली, तेव्हा दीनाने तिचा हात पकडला, तो इतका घट्ट, की मनगटातल्या बांगड्या पिचल्या. तबिथाने हात सोडवून घेतला नाही.

दुपार कलली आणि घरात बाळाचा टाहो उमटला. मुलगी होती. सुईणीने तिला दुपट्यात गुंडाळून आईजवळ दिलं. दीनाने लेकीला डोळे भरून पाहिलं. मग तिला अलगद तबिथाच्या ओटीत ठेवलं.

"जाऊबाई, प्रार्थना करा हिच्यासाठी."

भरल्या सभेत न अडखळता प्रार्थना करणारी ती बाई, "प्रभू..." एवढंच म्हणाली. पुढे शब्दच फुटेना. डोळ्यांतलं पाणी टपटप दुपट्यावर पडू लागलं. शिमोन उंबऱ्यात मान खाली घालून उभा होता. सुईणीनेही हातातलं काम थांबवलं.

थोड्या वेळाने दीना हळूच म्हणाली, "आमेन."

तात्पर्य: प्रभूच्या वेलाला बिलगून राहणाऱ्या फांदीला प्रीतीचं फळ येतं, आणि जिथे जायला पाय सगळ्यात जड होतात, त्याच दारी ते आधी न्यावं लागतं.