वेबरबाख गाव नदीपलीकडे न्या!

“अख्खं वेबरबाख गाव उचला आणि नदीच्या पलीकडच्या काठावर नेऊन ठेवा! बर्फ पडायच्या आत! ड्यूक ओटोकार सरकारांचा हुकूम!”

दवंडीवाला थांबला आणि गावातले सगळे माग एकदम बंद पडले. जर्मनीतलं हे चिमुकलं गाव फ्लाखा नदीच्या पूर्वेला, नदी आणि डोंगर यांच्यामध्ये दाटीवाटीनं बसलं होतं. जवसाच्या धाग्याचं कापड विणायचं आणि काठावरच्या कुरणात उन्हात पसरून पांढरंशुभ्र करायचं, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. गावाचा इतिहास म्हणाल तर दोन आगी, एक पूर आणि एक लढाई. लढाईला दोन्ही सैन्यं रस्ता चुकल्यामुळे पोचलीच नाहीत.

“पण गाव हलवायचं कशासाठी?” बेकरीवाल्या क्नोल बाईंनी विचारलं.

“सरकारांच्या नकाशात गाव पश्चिमेला आहे. आणि सरकारांचा नकाशा चुकत नसतो. मग चुकलं कोण? गाव!”

सगळ्यांच्या माना बर्टोल्ट विणकराकडे वळल्या. कारण तो नकाशा त्यानंच विणला होता! जेवताना आपलं राज्य डोळ्यांसमोर असावं, अशी ड्यूकला हौस. म्हणून मेजावर अंथरायला एक मोठी चादर विणवून घेतली होती. पांढऱ्यावर पांढरी नक्षी. त्यात नदी, डोंगर, गाव, राजवाडा, सगळं. अक्षर मात्र एकही नाही. जेवताना वाचलं की सरकारांना उचकी लागे.

“मी गाव पूर्वेलाच विणलं!” बर्टोल्ट ओरडला. “स्वतःचं घर मी भलत्या काठावर कशाला विणीन?”

“झोपेत विणलं असशील!” क्नोल बाई म्हणाल्या. “आता माझी भट्टी डोक्यावर घेऊन नदी तूच पार कर!”

संध्याकाळपर्यंत गावात बर्टोल्टशी बोलायला कुणी तयार नव्हतं. घरी येऊन तो मागापाशी बसला आणि मुलीला, लीसबेटला म्हणाला, “चूक माझीच, असं कबूल करून टाकतो. सरकार माग मोडून टाकतील, पण गाव तरी वाचेल.”

“न केलेली चूक कबूल करायची?” लीसबेट उसळली. “का म्हणून? समोर ड्यूक आहे म्हणून? बाबा, तुम्ही बसा. मी जाते.”

“अगं, पण जाऊन सांगशील काय?”

“सुचेल वाटेत!”

वाटेत काहीसुद्धा सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी होडीनं नदी ओलांडून, पश्चिमेची टेकडी चढून ती राजवाड्यात पोचली, तेव्हा ड्यूक प्रधान, कोतवाल आणि सेनापतींसोबत जेवायला बसला होता. पुढ्यात परातीएवढ्या ताटात भाजलेलं बदक. लीसबेटनं कमरेत वाकून नमस्कार केला, तेव्हा तिचं नाक चादरीच्या काठाला लागलं. काठाची दुमड आणि बाबांचे टाके तिला वरच्या बाजूला दिसले. टाके वर? तिनं गालातलं हसू कसंबसं गिळलं.

“हललं का गाव?” ड्यूकनं विचारलं.

“गाठोडी बांधून तयार आहे, सरकार. आपण कधी निघताय, तेवढं विचारायला आले.”

“मी? मी कुठे जाऊ?”

“नकाशात आपला राजवाडा जिथे आहे तिथे. आधी सरकार, मागून रयत. मिरवणूक अशीच निघते ना!”

“माझा राजवाडा इथेच आहे, टेकडीवर! नकाशातही इथेच असणार!”

“असणार? म्हणजे सरकारांनी पाहिला नाही?”

ड्यूकनं ताटाकडे पाहिलं. राजवाड्याच्या जागेवर रोज बदकाचं ताट असायचं!

“बदक उचला!” तो गरजला. दोन नोकरांनी ताट उचललं. खाली रश्श्याच्या डागात राजवाडा होता. पार पूर्वेला!

“सरकार,” प्रधान घोगऱ्या आवाजात म्हणाले, “तिथे तर बेडकांची दलदल आहे.”

“बेडूक शेजारी चांगले, सरकार,” लीसबेट म्हणाली. “गावं हलवायला सांगत नाहीत.”

ड्यूक लालबुंद झाला. नकाशा चुकला म्हणावं, तर स्वतःच दवंडी पिटवलेली. त्यानं मेजावर मूठ आपटली.

“ऐक, पोरी! माझा नकाशा चुकलेला नाही. माझा राजवाडा हलणार नाही. आणि गाव नकाशाप्रमाणेच असलं पाहिजे! हे सगळं एकदम जमव, बदक गार व्हायच्या आत! नाहीतर तुझ्या बापाचा माग चुलीत!”

“एवढंच? मग ताटं उचला! प्रधानजी, तो कोपरा धरा. कोतवाल, तुम्ही हा. सेनापती, तो. घट्ट! चौथा माझ्याकडे. आता उचला आणि पालथी करा! अहो, वळकटी नाही, पालथी! आमच्या कुरणात तुमचा दुपारपर्यंतही निभाव लागायचा नाही!”

फडफड करत चादर उलटली आणि मेजावर पसरली. राजवाडा पश्चिमेच्या टेकडीवर, वेबरबाख पूर्वेच्या काठावर आणि दलदलीत फक्त बेडूक!

“झालं, सरकार! नकाशा बरोबर, राजवाडा जागच्या जागी आणि गाव नकाशाप्रमाणे. असं कापड दोन्ही बाजूंनी सारखंच देखणं दिसतं, म्हणून टाके खाली ठेवून अंथरायचं. आपल्या नोकरांनी ते वर ठेवले. इतके दिवस सरकार राज्याच्या पाठीवर जेवत होते. आता जरा पोटावर जेवा!”

मग ड्यूकच्या घशातून खळखळ आवाज आला. प्रधानांना वाटलं, उचकी! पण ते हसू होतं. तो इतका हसला की डोक्यावरचा टोप निसटून रश्श्यात पडला.

“बर्टोल्टनं बरोबर विणलं, अशी दवंडी पिटा!” तो डोळे पुसत म्हणाला.

“आणि ती क्नोल बाईंच्या दारात दोनदा, सरकार!” लीसबेट म्हणाली.

“दोनदा तर दोनदा! आता सांग, तुला बक्षीस काय देऊ?”

“नदीवर पूल द्या, सरकार.”

“पूल? कशाला?”

“आपल्या हुकमाचा मान राहायला नको? रोज सकाळी गाव नदीपलीकडे येईल, आपल्या हिरवळीवर कापड वाळत घालील आणि संध्याकाळी जेवायला घरी जाईल!”

ड्यूक पुन्हा हसत सुटला आणि हसता हसताच ओरडला, “गवंड्यांना बोलवा!”