करंजदऱ्याची हजेरी

फार वर्षांमागची गोष्ट आहे. डोंगराच्या कुशीत करंजदरा नावाचं गाव होतं, आणि तालुक्याच्या कोर्टात हैबतराव कोकरे नावाचे वकील होते. नाव हैबतराव, पण आवाज इतका मऊ की त्यांचं बोलणं ऐकायला न्यायाधीश पुढे वाकायचे. वाकलेला माणूस नीट ऐकतो, म्हणून हैबतराव खटले जिंकायचे, असं म्हणतात.

एकदा करंजदऱ्याची माणसं त्यांच्याकडे आली. खाली नदीवर धरण होणार होतं आणि गाव पाण्याखाली जाणार होतं. आजूबाजूच्या गावांना दुसरीकडे जागा मिळाली, करंजदऱ्याला काहीच नाही. कारण सरकारी दप्तरात ते गावच नव्हतं. आज्या-पणज्यांच्या काळात पटकीची साथ आली, तेव्हा माणसं जुनी वस्ती सोडून वर दऱ्यात राहायला गेली. दप्तरात तेव्हाच कुणीतरी लिहून ठेवलं, बेचिराख. म्हणजे जिथे दिवासुद्धा लागत नाही असं गाव.

हैबतराव दोन वर्षं लढले. न्यायाधीश पुढे वाकून ऐकत राहिले, पण कागद कागदच राहिला. ते खटला हरले.

ते सांगायला हैबतराव स्वतः डोंगर चढून गेले. गावात कोंडाई म्हणून सगळ्यांत म्हातारी बाई होती. तिने त्यांना आधी जेवू घातलं. मग त्यांनी मान खाली घालून निकाल सांगितला.

कोंडाई म्हणाली, "कागदावर आमी न्हाई म्हणत्यात. मग लेकरा, तुला आत्ता भाकर कुणी वाढली?"

हैबतराव त्या दिवशी गावातच राहिले. दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरून एकेकाचं नाव विचारू लागले. लिहून मात्र घेतलं नाही. कागदावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. गुरं वळताना, पाणी भरताना, चालताना ते नावं म्हणत राहायचे, आणि चुकलं की पोरीबाळी हसून दुरुस्त करायच्या.

त्याच साली निवडणूक आली. ज्या माणसाला चावडीच्या पलीकडे ऐकू जाईल असं बोलता येत नाही, तो उभा राहिला. सभा घेणं जमेना, म्हणून ते घरोघर जाऊन बोलले. ते हळू बोलत, तशी माणसं जवळ सरकून बसत. अशा जवळ बसलेल्या लोकांनीच त्यांना निवडून दिलं.

मुंबईला विधानसभेत त्यांना बोलायला पाच मिनिटं मिळाली. हैबतराव उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्ष महोदय, सरकार म्हणतं करंजदऱ्यात कुणी राहत नाही. कोण कोण राहत नाही, तेवढं सांगतो."

आणि त्यांनी सुरुवात केली. कोंडाई सावळा घोडे. धावजी बुधा गवारी. ठकूबाई धावजी गवारी. आधी काही जण हसले. पाच मिनिटं झाली, घंटा वाजली. तेव्हा समोरच्या बाकावरचे, विरोधी पक्षाचे एक म्हातारे आमदार उठून म्हणाले, "माझी वेळ यांना द्या." मग दुसरे उठले, मग तिसरे. सभागृह इतकं शांत झालं की तो मऊ आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

तीनशे बारा नावं झाली, आणि हैबतराव पहिल्यांदाच थांबले. "एक राहिलं," ते म्हणाले. "कोंडाईच्या नातीला परवा मूल झालंय. अजून नाव ठेवलेलं नाही."

"मुलगा की मुलगी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुलगी आहे."

"लिहून घ्या," अध्यक्ष म्हणाले.

असं म्हणतात की त्या दुपारी करंजदऱ्यात शेतात, पाणवठ्यावर, चुलीपाशी प्रत्येकाला आपल्या नावाने कुणीतरी हळूच हाक मारल्यासारखं वाटलं, आणि प्रत्येकाने मागे वळून पाहिलं.

पुढे मोजणीदार डोंगर चढून आले. दप्तरातला तो एक शब्द खोडला गेला. धरणाची भिंत खालच्या अंगाला सरकली, पाणी गावाच्या खालीच अडलं आणि करंजदरा जागच्या जागी राहिला.

हैबतराव तीनदा आमदार झाले, चौथ्यांदा पडले आणि पुन्हा काळा कोट घालून कोर्टात जाऊ लागले. म्हातारपणी त्यांची आठवण गेली. बायकोला ते "बाई, तुम्ही कुठल्या?" म्हणून विचारत. पण खाटेवर पडल्या पडल्या करंजदऱ्याची नावं ओळीने म्हणत. ते कळल्यावर गाव पाळीपाळीने त्यांच्या उशाशी येऊन बसू लागलं. आपलं नाव आलं की माणूस त्यांचा हात धरून, हजेरी द्यावी तसं, म्हणायचा, "हाय, अण्णा." तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा उजळायचा. शेवटचा श्वास त्यांनी नावं म्हणतानाच सोडला, असं म्हणतात.

आजही सुगी झाली की करंजदरा देवळापुढे जमतो. गावातलं एक माणूस कागद न घेता सगळ्यांची नावं घेतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं, पाळण्यातल्या बाळाचं, कामाला शहरात गेलेल्याचंही. ज्याचं त्याने "हाय" म्हणायचं, बाळाच्या आणि शहरात गेलेल्याच्या वतीने आईने म्हणायचं. सगळ्यांत शेवटी हैबतराव कोकरे हे नाव येतं. ते या गावचे नव्हते, इथे त्यांचं घर नाही, शेत नाही. तरी ते नाव घेतलं की सगळा गाव, म्हाताऱ्या-कोताऱ्यांपासून पोरांपर्यंत, एका आवाजात म्हणतो, "हाय." पण मोठ्याने नाही. अगदी हळू.