तिसरा रकाना

"...आणि डोळे मिटून?" सुनेत्रानं विचारलं.

बाबांनी डोळे आणखीच मोठे केले.

"दहा सेकंद नुसतं उभं राहायचंय, बाबा. बस, एवढंच राहिलं."

"एवढंच..." बाबा म्हणाले, आणि उजव्या हातानं कफनी घट्ट धरली.

मठाच्या ओवरीत दोघंच होते. अच्युतबाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन सहा महिने झाले होते. डावी बाजू लुळी पडली होती. सुनेत्रा खोत त्यांची शिष्या, आणि पेशानं फिजिओथेरपिस्ट. तेव्हा गुरूचा तोल तपासायचं काम तिच्याच गळ्यात पडलं.

परीक्षा छप्पन मार्कांची. बाबांना बेचाळीस मिळाले होते. डोळे मिटून उभं राहण्याचे हे चार मिळाले की शेहेचाळीस. विश्वस्तांनी सांगून ठेवलेलं: पंचेचाळीसच्या वर गेले तर बाबा पूर्वीसारखे एकटे घाट उतरून नदीवर जातील. खाली राहिले तर चाकाची खुर्ची, आणि नदी खिडकीतून.

घाटाला बावीस पायऱ्या. शेवटच्या सात शेवाळलेल्या. सुनेत्रानं येताना त्या मोजल्या होत्या, आणि मोजता मोजता स्वतःच घसरली होती. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"घाबरू नका," ती म्हणाली. हे वाक्य ती दिवसातून चाळीस वेळा म्हणायची. "बारा वर्षांत माझा एकही पेशंट पडलेला नाही."

"पडला नाही, की तू खुर्चीतून उठूच दिला नाहीस?"

सुनेत्राला हसू आलं.

"बाबा, चाळीस वर्षं तुम्ही डोळे मिटून बसता. तीन-तीन तास. आणि आता दहा सेकंद..."

"बसतो कुठं? सोंग करतो. सहा महिने झाले, पापणी किलकिली ठेवूनच बसतोय."

बाबा डाव्या पावलाकडं बघत होते. ते जागेवर आहे ना, अशा नजरेनं.

"डोळे मिटले की ही बाजू नसतेच गं. हात नाही, पाय नाही. निम्माच मी. पलीकडं नुसती दरी..."

सुनेत्रानं पेन खाली ठेवलं.

"जन्मभर लोकांना सांगत आलो, मी म्हणजे देह नव्हे. निम्माच गेला तर बोबडी वळली माझी." ते हसले. ओठ एकाच बाजूनं हसले.

खाली नदी वाजत होती.

"तू डोळे मीट," बाबा म्हणाले.

"मी? मग तुम्हाला धरणार कोण?"

"परीक्षेत धरायचं नाही, असं तूच म्हणालीस ना?"

"धरायचं नसतं. पण बघायचं असतं, बाबा!"

"का गं, तुझा तोल चांगला आहे ना? शिकवतेस की लोकांना."

हे मात्र सुनेत्राबाईंना लागलं. वय सत्तेचाळीस, वजन अठ्ठ्याहत्तर किलो, आणि अभिमान वेगळा. तो तोलता येईल असा काटा अजून निघायचाय.

तिनं बाबांच्या मागं खुर्ची सरकवली. भित्या माणसाची शिस्त. मग त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली.

"मिटले?"

"मिटले," बाबा म्हणाले. "तू?"

तिनं मिटले.

"एक... दोन." ती मोजू लागली.

अंधारात ओवरी एकदम मोठी झाली. पायाखाली फरशी गार. बाबांचा श्वास ऐकू येत होता, भरभर... की तो तिचाच होता?

"तीन... चार."

आता बाबा पडले तर? विश्वस्त, पोलीस, पेपरात नाव. अख्खं गाव म्हणेल, खोतांच्या सुनेनं बाबांना पाडलं.

"पाच..."

नदी टाचांखालून चालल्यासारखी वाटली.

"सहा..."

फरशी कलली. तिनं हात फेकला आणि लागलं ते गच्च धरलं.

मूठ होती. आवळलेली, थंडगार.

बाबांचा डावा हात.

मेले मी! त्या हाताला ओढायचं नाही, त्यावर भार टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ती सगळ्यांना दटावून सांगायची. आता दोघंही...

कुणी पडलं नाही.

मूठ थरथरली. थोडी सैल झाली. मग हळूहळू, एकेक करत, ती बोटं तिच्या बोटांवर मिटली.

"सात," बाबांचा आवाज आला. कापरा. "आठ... नऊ."

बोटं आणखी घट्ट झाली.

"दहा."

सुनेत्रानं डोळे उघडले. बाबांचे अजून मिटलेले होते, कडू औषध घेताना मिटावेत तसे घट्ट. कानशिलावरून घाम ओघळत होता. आणि ते उभे होते.

तिनं कागद पुढं ओढला. कागदावर दोनच रकाने. आधाराशिवाय: चार. आधारानं: शून्य.

"बाबा... हात तर धरलेला होता. काय लिहू? आधाराशिवाय, की आधारानं?"

बाबांनी डोळे उघडले नाहीत. तिचा हातही सोडला नाही.

"तिसरा रकाना आख," ते म्हणाले. "आधार देऊन."