घोंगडीतली गाठ

श्रीनिर्मळनाथ महाराजांचा मुक्काम त्या साली बोरवंड गावी, नदीकाठच्या महादेवाच्या ओवरीत होता. सप्ताह बसला होता. रोजच्या कीर्तनाचा मान गावच्या त्र्यंबकशास्त्र्यांकडे. माणूस विद्वान, गळा गोड. पण भक्तहो, मत्सराने पुरता पोखरलेला.

तीस वर्षांपूर्वी गुरूंनी आपली वीणा शास्त्र्यांना न देता गुरुबंधू शिवरामाच्या गळ्यात घातली होती. तो सल त्यांनी इतका जपला, की कुणाचेही कौतुक झाले की त्यांच्या पोटात दुखे. सध्या कौतुक होत होते चिमाबाईचे. ही घोंगड्या विणणारी विधवा सणगरीण. अक्षरओळख नाही, तरी ओव्या रचायची. महाराज तिची ओवी डोळे मिटून ऐकत. आपल्या कीर्तनात मात्र त्यांचे डोळे उघडे असतात, हे शास्त्र्यांनी बरोबर हेरले होते.

तिसऱ्या दिवशी तिने ओवी म्हणताच शास्त्री भर सभेत म्हणाले, "बाई, लोकर विणता आली म्हणून सरस्वती प्रसन्न होत नसते. घोंगड्या बाजारात न्या, ओव्या घरात ठेवा."

लोक हसले. चिमाबाई खाली मान घालून निघून गेली.

सहाव्या दिवशी शास्त्र्यांचा आवाज बसला. ज्येष्ठमध झाले, काढे झाले, तोंडातून नुसता वारा. उद्या काल्याचे कीर्तन. ते दुसऱ्याने केले, तर तीस वर्षांपूर्वीचीच गत. शास्त्र्यांनी महाराजांचे पाय धरले.

महाराज म्हणाले, "चिमाबाईच्या मागापाशी जाऊन बसा. धागा तुटेपर्यंत उठू नका."

शास्त्र्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. पण गेले. चिमाबाईने काही न विचारता पोते अंथरले.

"खळ लावून ताठ केला तरी धागा तुटतोच, बुवा," ती म्हणाली. "तुटला की मी हात थांबवती. मनात जे खुपतंय ते आठवती, ओवी म्हनत गाठ मारती. मग फुडं."

दुपारी धागा तुटला. आता आपला पाणउतारा होणार, म्हणून शास्त्र्यांनी मान खाली घातली.

"तुम्ही सभेत बोललात, त्याच सांजंला तुमची गाठ मारली," चिमाबाई म्हणाली. "ही काय, चार बोटं मागं."

शास्त्र्यांनी विणीवरून बोटे फिरवली. पुन्हा फिरवली. गाठ काही लागली नाही. चिमाबाईने तुटलेली दोन टोके त्यांच्या हाती दिली. "हा धागा तुमचा."

तीस वर्षांत न उच्चारलेले नाव शास्त्र्यांच्या ओठांवर आले. "शिवरामा," ते म्हणाले, आणि आवाज फुटला! "शिवरामा, वीणा तुलाच शोभत होती." मग गाठ मारता मारता ते चिमाबाईचीच ओवी गाऊ लागले. मत्सरापोटी ऐकून ऐकून ती त्यांना पाठ झाली होती.

*तुटलासे धागा, थांबविला हात,*
*सल त्या गाठीत, ठेविला मी.*

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला शास्त्री उभे राहिले. आधी सभेतून चालत मागे गेले आणि बायकांच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या चिमाबाईच्या पायांवर त्यांनी डोके ठेवले. "माय, तुझी ओवी आज मला गाऊ दे," ते म्हणाले. ती संकोचून "गा की, बुवा," एवढेच बोलली.

शास्त्र्यांनी ओवी उचलली. समोर बसलेल्या महाराजांनी हळूच डोळे मिटले.