निरोप कुणी घ्यायचा?

फार पूर्वी तळ्याकाठी प्राण्यांचा ओळखी वाढवण्याचा मेळावा भरला. सशाचं बीळ ढासळलं होतं, म्हणून तो साळिंदरबाईंना गाठायला आला होता. त्यांचं एक बीळ रिकामं होतं. वाटेत रेडेमामा भेटले आणि आपल्या घराण्यातल्या शिंगांचा इतिहास सांगू लागले. ससा पडला अतिशय सभ्य. मधेच जाणं बरं दिसत नाही, म्हणून तो "वा! वा!" करत राहिला. तेवढ्यात मुंगूस आला, साळिंदरबाईंशी दोन शब्द बोलला आणि बीळ मिळवून गेलाही.

ऊन उतरल्यावर ससा कसाबसा म्हणाला, "मामा, निघू का?"

"निघ की बाबा!" रेडेमामांनी सुस्कारा सोडला. "तू हलेनास, म्हणून मला नसलेल्या चुलत्यांचीही शिंगं रचून सांगावी लागली."