केतकी राणीची तिसरी अट

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि त्याचे कुणाला नवल वाटत नसे, केतकी नावाची राणी होती. ती मूळची मेंढपाळाची लेक. सुकीर्ती राजा तरुणपणी भलत्याच राजकन्येला मागणी घालायला निघाला होता. नदीच्या घाटावर केतकीच्या शेळीने त्याच्या फेट्याचा शेमला चावला, राजा तिच्यामागे धावला आणि तेवढ्यात नाव सुटली. दुसरी येईपर्यंत दोघे काठावर हसत बसले. नाव आली, राजा काही तीत चढला नाही.

संसाराला बरीच वर्षे लोटली. मग राजाने डोंगरातला मांत्रिकाचा शापित हंडा उकरला. मोहरांना हात लागताच त्याने वळून राणीला विचारले, "बाई, आपण कोण?"

राणीने साळुंकीला उपाय विचारला.

"हंडा होता तिथे पुरून ये," साळुंकी म्हणाली. "राणीपण उतरवून महालाबाहेर पड. आणि राजाला भेट. पण ठरवून नव्हे. शोधत गेलीस, तर ती भेट फुकट जाईल."

मोहरांना न शिवता राणीने हंडा पुरला; राखणदार नागाने तिला वाट दिली. दागिने उतरवले, तेव्हा दासी रडल्या. तिसरी अट मात्र अवघड. शेळी घेऊन ती त्याच घाटावर बसली. राजा आला, त्याने शेळीला कुरवाळले, केतकीला नमस्कार केला आणि नावेत बसून निघून गेला.

केतकी माहेरी परतली. मेंढरे राखू लागली. आठवण यायची ती महालाची नव्हे, काठावरच्या त्या दुपारची. हळूहळू तिने वाट पाहणेही सोडले.

एकदा ती लोकर विकायला निघाली. ओढ्याला पाणी आलेले, म्हणून नेहमीचा बाजार सोडून दुसऱ्याच गावी गेली. तिथे राजाच्या घोड्याचा नाल निखळला होता. तो ठोकून होईतो राजा बाजारात हिंडत होता. लोकर विकून केतकीने एक फणस उचलला, तर दुसऱ्या बाजूने कुणीतरी धरलेला.

मान वर न करता ती कडाडली, "सोडा! आधी मी धरलाय."

"केतकी," समोरचा म्हणाला, "तुला फणस कधीपासून आवडायला लागला?"

तिचा हात सुटला.

"नाही आवडत," ती म्हणाली. "बाबांसाठी नेतेय." आणि तिला रडू आवरेना.

शाप सुटला. राणी महालात आली, राज्याची घडी बसली. पुढे म्हातारपणी कुणी साळुंकीचे गुण गाऊ लागले की राणीला तो ओढा आठवे. पाणी जरा उथळ असते, तर ती सहज पलीकडे गेली असती.